पगार, खाडा आणि बडतर्फी

महिन्याचा पगार ही गोष्ट आपल्या घरांत इतकी अंगवळणी पडली आहे की, तो केव्हा मिळावा, त्यातून कोणी काय कापून घ्यावे आणि कापून घेतल्यास कोणाकडे दाद मागावी, हे प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाहीत. ते उद्भवतात पगार हाती कमी पडतो त्या दिवशी. अशा वेळी विचारणा करावयास गेलेल्या माणसाला "पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका" असे उत्तर मिळाले, म्हणजे कापलेल्या शेदोनशे रुपयांचा प्रश्न एकदम चुलीचा प्रश्न होऊन बसतो. पगारातील कपात आणि नोकरीवरून काढून टाकणे हे दोन विषय कायद्याच्या ग्रंथांत निरनिराळ्या प्रकरणांत आढळतात; व्यवहारात मात्र ते एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

विषय सर्व देशाचा असला, तरी तो नीट समजावा म्हणून आपण एक लहानसा टापू डोळ्यांसमोर ठेवू. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी मागे पडले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर असे ठेवण्यात आले. या लोकांनी दुकाने मांडली, लहान कारखाने काढले. पुढे जीन्सची शिलाई आणि फर्निचर यांकरिता हे गाव प्रसिद्धीस आले. अंबरनाथास विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना १९२० नंतरच्या दशकातच उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर तेथे शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना निघाला आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही गावी रसायने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना प्रकारच्या मालाचे उत्पादन होऊ लागले. मोठा कारखाना आणि दहा शिलाई यंत्रांची खोली येथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर सापडतात. कायम कामगार, ठेकेदाराचा माणूस, नगावारी मजुरी घेणारा शिंपी आणि दुकानातला नोकर हे सारे एकाच गाडीने येतात. कायदा सर्वांना सारखा पोचतो की काय, हे पाहावयास यापरते सोयीचे ठिकाण नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. ठाण्यास जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा एक अर्ज तयार केला. त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, दुखापत झाल्यास भरपाई, या मागण्या त्यात होत्या. आणि त्यांच्याच जोडीला आणखी एक होती, ती म्हणजे मागील महिन्याचा पगार निदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी मिळावा. आज ही मागणी किती माफक वाटते! परंतु तिच्यामागे कारण होते. पगार उशिरा देण्याने कामगाराचे दोन आठवड्यांचे श्रम नेहमी मालकाकडे अडकून राहत. पूर्वसूचना न देता काम सोडले तर ते पैसे बुडत. म्हणजे थकलेला पगार हीच कामगाराच्या पायातील बेडी होती. उलट, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगारास १८५९ सालच्या एका कायद्यान्वये तुरुंगात जावे लागे, आणि तो कायदा १९२५ साली रद्द ठरेपर्यंत पुस्तकात राहिला.

गिरण्यांतून आणखी एक प्रकार होता. त्याला 'डबल खाडा' असे म्हणत. कामगार एक दिवस गैरहजर राहिला, तर त्या दिवसाचा पगार जावा हे समजण्यासारखे आहे. परंतु कित्येक ठिकाणी एका खाड्यास दोन दिवसांचा पगार कापीत. विणकाराच्या हातून कापड खराब निघाले तर ते कापड त्याच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. दंडाचा हिशेब काय, तो पैसा कोठे जातो, हे विचारण्याची सोय नव्हती. १९२९ साली जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास शाही आयोग नेमण्यात आला. आपले नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सभासद होते. १९३१ साली आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून वेतन देण्याविषयीचा १९३६ सालचा कायदा निर्माण झाला. तो प्रथम कारखाने व रेल्वे यांतील, महिना २०० रुपयांपेक्षा कमी पगार असणाऱ्यांस लागू होता.

या कायद्याने जे तत्त्व प्रस्थापित केले, ते एका वाक्यात सांगता येते. मालकाने पगारातून काय कापू नये याची यादी कायद्याने केली नाही. काय कापता येईल याची यादी केली. यादीत जे नाही ते कापावयाचेच नाही. दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठरली, आणि दंडाचा पैसा मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्या हिताकडेच खर्च झाला पाहिजे असे बंधन आले. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या काळापुरतीच असावी, असे ठरून डबल खाड्याची प्रथा बेकायदा झाली. तथापि मालकांची एक बाजूही राखली गेली: दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता व योग्य कारणावाचून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा देण्यात आली. ती मुभा आजतागायत टिकून आहे.

१९३६ चा हा कायदा आता इतिहासजमा झाला. त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. पगाराची वरची मर्यादा तिने काढून टाकली. त्यामुळे कारखान्यातील मदतनीस आणि कचेरीतील व्यवस्थापक या दोघांनाही पगार वेळेवर मिळण्याचा व अनधिकृत कपातीपासून संरक्षणाचा हक्क सारखाच आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिला पाहिजे. लोखंड्यांनी १५ तारीख मागितली होती हे ध्यानात घेतले, म्हणजे हा पल्ला किती लांबचा आहे ते कळेल. माणसाला कामावरून काढले, किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तरी त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता केला पाहिजे. "पुढच्या महिन्यात या, साहेब गावाला गेले आहेत," हे उत्तर कायद्यास मान्य नाही.

आता कपातीचा हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, बदलापूरच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराचे वेतन महिना १५,६०० रुपये आहे आणि त्या महिन्यात कामाचे दिवस २६ आहेत. म्हणजे दिवसाचे ६०० रुपये झाले. एका खाड्यास ६०० रुपये कापता येतील. १,२०० कापले तर वरचे ६०० बेकायदा होत. दंड करावयाचा असेल, तर त्याची कमाल मर्यादा वेतनाच्या ३ टक्के, म्हणजे ४६८ रुपये. तोही वाटेल त्या कारणासाठी नव्हे: कोणत्या कृत्यांस दंड होईल त्यांची यादी सरकारी मंजुरी घेऊन आधी जाहीर झालेली पाहिजे, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, दंड हप्त्याहप्त्याने घेता येत नाही, आणि ९० दिवस उलटल्यावर तो वसूल करता येत नाही. नुकसानीची भरपाई कापावयाची, तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला असला पाहिजे आणि नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे. शिवाय ती रक्कम प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक असता कामा नये. दुकानातून वस्तू नाहीशी झाली म्हणून सर्व नोकरांच्या पगारातून सरसकट शंभर शंभर रुपये कापणे या कसोटीस उतरत नाही. उचल, कर्ज, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, सहकारी संस्थेचा हप्ता या कपाती योग्यच होत. परंतु साऱ्या मिळून एका महिन्यात निम्म्या वेतनाच्या वर जाता येत नाही. आपल्या उदाहरणात कामगाराच्या हाती निदान ७,८०० रुपये पडलेच पाहिजेत.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचा प्रश्न या टापूत विशेष महत्त्वाचा आहे. ठेकेदार पैसे न देता निघून गेला तर कामगाराने कोणाकडे पाहावे? संहितेचे उत्तर असे की, ज्याच्या आस्थापनेचे काम झाले त्या कंपनीवर पगाराची जबाबदारी येते. तसेच भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पगारातून कापून घेतले, परंतु मालकाने ते निधीत भरले नाहीत, तर त्या कसुरीचा ठपका कामगारावर येत नाही.

श्रोतेहो, हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, कायदा इतका स्पष्ट आहे तर तक्रारी का होत नाहीत? येथेच आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील एका खाजगी शाळेत घडलेली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली हकीकत ऐका. महानगरपालिकेने शाळेच्या मालमत्तेवर ७९,९७४ रुपयांची कर आकारणी केली. तो भार उचलण्यासाठी संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याने महिना १,५०० रुपये द्यावेत असे फर्मावले. एका प्राथमिक शिक्षिकेने नकार दिला. त्यानंतर तिच्यावर मेमोंचा भडिमार सुरू झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये तिला निलंबित करण्यात आले आणि जून २००७ मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. शाळा न्यायाधिकरणाने २००९ साली ही बडतर्फी रद्द करून मधल्या काळाचा पूर्ण पगार देवविला. उच्च न्यायालयाने बडतर्फी अवैध मानली, परंतु मागील पगार नाकारला. अखेर ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा कायम केला. बडतर्फी अन्यायाची ठरल्यास नोकरीवर परत घेणे व मधला पगार देणे हा सामान्य नियम होय, आणि त्या काळात ती व्यक्ती अन्यत्र कमावीत होती असे म्हणणाऱ्या मालकानेच ते सिद्ध करावे, असे न्यायालयाने सांगितले.

या खटल्यात मूळ रक्कम महिना १,५०० रुपयांची होती. ती नाकारण्याची किंमत सात वर्षांची झाली. कपातीस हरकत घेण्याचा हक्क बडतर्फीपासून मिळणाऱ्या संरक्षणाइतकाच बळकट असतो, हे यावरून दिसून येईल. दुसरा दुबळा असेल तर पहिला कागदावरच राहतो.

तेव्हा आता बडतर्फीचा कायदा पाहू. शिक्षकांचा कायदा वेगळा आहे. कारखान्यांतील व दुकानांतील कामगारांकरिता १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा झाला. त्यात प्रारंभी एक उणीव होती: एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा वाद हा 'औद्योगिक विवाद' ठरत नसे; युनियनने किंवा इतर कामगारांनी तो उचलून धरावा लागे. १९६५ साली ही उणीव दूर करण्यात आली. १९७१ साली न्यायाधिकरणास शिक्षेचे प्रमाण तपासण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे अपराध खरा असला तरी त्याला बडतर्फी ही शिक्षा फार कठोर आहे, असे न्यायाधिकरण म्हणू शकते. त्याच साली महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतःचा कायदा केला. सूडबुद्धीने काढणे, खोटी कारणे दाखवून काढणे, बिनपरवानगी गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवून काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय झुगारून घाईने काढणे आणि क्षुल्लक चुकीसाठी मागील सेवा न पाहता काढणे, या गोष्टींची त्याने नावे घेऊन यादी केली. १९४७ च्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून तीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे; अशीच यादी तिच्यातही आहे आणि एकट्या कामगाराची बडतर्फी हा आजही औद्योगिक विवादच आहे.

गैरहजेरीचा आरोप या यादीत मुद्दाम घातला गेला, त्याला अर्थ आहे. कामगाराला दारावर अडवावयाचे आणि हजेरीपटावर मात्र तो आलाच नाही असे लिहावयाचे, ही युक्ती जुनी आहे. जे. एम. ए. इंडस्ट्रीज या कंपनीच्या खटल्यात असाच वाद होता. आठ दिवसांहून अधिक काळ न आल्यामुळे नोकरी आपोआप गेली, असे कंपनी म्हणे. मला आत येऊ दिले नाही, असे कामगार म्हणे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चौकशी केल्यावाचून पटावरून नाव कमी करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. आणि त्या कामगाराला अर्ध्या मागील पगारासह कामावर घेण्याचा हुकूम झाला. आरोप लेखी द्यावा, उत्तर ऐकावे, पुरावा समोरासमोर तपासावा आणि मग निर्णय करावा, हा क्रम न्यायाचा प्राण होय. गैरवर्तनामुळे नव्हे, तर काम कमी झाल्यामुळे माणूस कमी करावयाचा असेल, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते.

नव्या संहितेने मात्र एक संरक्षण आखडते घेतले आहे. शिस्तीचे लेखी नियम, ज्यांना स्थायी आदेश म्हणतात, ते सक्तीचे करणारा १९४६ चा कायदा सामान्यतः १०० कामगारांच्या आस्थापनेस लागू होई. आता ही मर्यादा ३०० वर गेली आहे. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन व पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळण्याची तरतूदही याच प्रकरणात आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींतील लहान कारखाने आणि उल्हासनगरातील शिलाईच्या खोल्या या रेषेच्या बाहेर पडतात. मालकांचे म्हणणे असे की, लहान उद्योगाला नियमांचे ओझे पेलत नाही, आणि त्यात काही तथ्य नाही असे नाही. परंतु जेथे मालक व कामगार यांच्यामध्ये ना युनियन आहे, ना लेखी नियम, तेथेच माणूस एका शब्दावर घरी जातो, हेही तितकेच खरे. अशा ठिकाणी न्यायालयांनी घालून दिलेली नैसर्गिक न्यायाची तत्त्वे आणि विवाद उपस्थित करण्याचा हक्क, एवढीच ढाल शिल्लक राहते.

ती ढाल वापरावयाची कशी? पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत नियुक्त अधिकाऱ्याकडे करता येतो. तो कामगाराला स्वतः करता येतो, त्याच्या युनियनला करता येतो, आणि अनेक जणांचा मिळून एकच अर्जही चालतो. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. आणि विशेष म्हणजे, पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. बडतर्फीचा वाद दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्यापुढे न्यावा लागतो. तेथे तडजोड न झाल्यास अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. ही तिन्ही गावे ठाणे जिल्ह्यात येत असल्यामुळे त्यांनी जिल्ह्यातील कामगार आयुक्तांच्या कार्यालयापासून आरंभ करावा हे ठीक.

परंतु कोणत्याही कचेरीत गेले तरी पहिला प्रश्न कागदाचा येतो. नेमणूकपत्र आणि पगाराची चिठ्ठी मागून घेणे हा आता हक्क आहे. बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद जपून ठेवावी. रोख पगार घेताना कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. दारावर अडविल्यास त्याच दिवशी, आपण कामास हजर झालो होतो व अडविले गेलो, असे पत्र टपालाने पाठवून पावती जपावी. दोन ओळींच्या अशा पत्राने पुढे चौकशीत जे काम होते, ते दहा साक्षीदारांच्या तोंडी जबाबांनी होत नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. 'खाडा' हा शब्द गिरण्यांबरोबर लोपला नाही. कामवाली बाई आली नाही म्हणजे तो आपण रोज उच्चारतो. घरकाम हे औद्योगिक संबंध संहितेतील 'उद्योग' या शब्दातून वगळलेले आहे. म्हणून त्या बाईला एका शब्दावर काढले तरी बडतर्फीविरुद्धच्या या तरतुदी तिच्या मदतीस येत नाहीत. वेतन संहितेने घरगुती कामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्यास नोंदवह्या ठेवण्यापासून सूट दिली आहे. मात्र निरीक्षकाने मागितल्यास पगार दिल्याचा पुरावा द्यावाच लागतो. कायद्याचा हात येथे आखडतो, म्हणून आपली जबाबदारी वाढते. पगाराची तारीख ठरवून पाळणे, एका खाड्यास एकाच दिवसाचे पैसे कापणे, फुटलेल्या कपबशीची किंमत पगारातून न घेणे आणि काढावयाचे झाल्यास महिनाभर आधी सांगणे, एवढे केले तर कायदा कारखानदाराकडून जे सक्तीने करून घेतो, ते आपण आपखुशीने केले असे होईल. आपल्या मुलाला त्याच्या कचेरीत जो न्याय मिळावा असे आपणांस वाटते, तोच आपल्या स्वयंपाकघरातही चालू असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.